पलतडीची माणसं

शिवोलीहून चोपड्याला नेणारा पूल मोटारीने ओलांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. डाव्या हाताला शापोरा नदी समुद्राला मिळते, तिच्या अलीकडच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला आहे. उजव्या हाताला पाणी कोलवाळच्या दिशेने आत गेलेलं दिसतं. पूल उतरला की बार्देश संपतो आणि पेडणे तालुका सुरू होतो. डावीकडचा रस्ता नदीच्या काठाने मोरजीला जातो. पुढे मांद्रे, हरमल, केरी. डिसेंबरात या पुलावर गाड्यांची रांग लागते, ती बघणाऱ्याला वाटावं की चोपडे पहिल्यापासून वाटेवरचंच गाव असणार.

ते तसं नव्हतं. या शतकाच्या सुरुवातीला पूल झाला, तोवर चोपडे म्हणजे फेरीचा धक्का. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या बाया मिरच्या, नारळ, सुकी मासळी पाट्यांत भरून पहाटेच धक्क्यावर येऊन बसायच्या. कॉलेजची मुलं, कचेरीत कामाला जाणारे, कोर्टाची तारीख असलेले, आणि घरच्यांनी दोन्ही बाजूंनी धरून आणलेला एखादा आजारी माणूस, सगळे एकाच फेरीबोटीची वाट बघत उभे. बोट पलीकडे असली तर ती भरेपर्यंत, सुटेपर्यंत आणि इकडे लागेपर्यंत थांबायचं. रात्रीची शेवटची फेरी चुकली तर शिवोलीत कुणाच्या तरी ओळखीने रात्र काढायची, नाहीतर कोलवाळमार्गे दुपटीहून मोठा वळसा घालायचा. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात पोचवायचं असेल तर त्या वळशाचा अर्थ काय होतो, हे पेडण्यातल्या कुठल्याही जुन्या घराला सांगावं लागत नाही.

माणसाला घडवणारी संकटं म्हटली की आपल्याला वादळ, दुष्काळ, युद्ध आठवतं. पेडण्याच्या वाट्याला आलेलं दुःख वेगळ्या जातीचं आहे. इथे पिढ्यान् पिढ्या माणसांनी वाट बघितली आहे. आधी होडीची आणि फेरीची, मग सीमा उघडण्याची, शाळेची, कसत असलेल्या जमिनीवर स्वतःचं नाव लागण्याची, हॉस्पिटलची, नोकरीची. ही वाट बघणारी माणसं हात बांधून बसली नाहीत, हे मात्र आधीच सांगायला हवं. त्यांनी त्या काळात काय काय केलं, तोच पेडण्याचा खरा इतिहास आहे.

पेडणे गोव्यात आलं तेच उशिरा. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. पेडणे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. शापोऱ्याच्या काठावरचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, आणि तो घेणाऱ्या व्हाइसरॉयला त्या किल्ल्याच्या नावानेच मार्क्विस ही पदवी मिळाली. पेडणे कायमचं त्यांच्या हाती गेलं ते १७८८ मध्ये. म्हणून हा तालुका ‘नव्या काबिजादीं’तला. भाषा, देवस्थानं, सोयरीक, बाजार सगळं सावंतवाडी, बांदे, आरोंदे, वेंगुर्ले यांच्याशी जोडलेलं, आणि राज्य मात्र पणजीचं. पोट भरायला बाहेर पडण्याची रीतही जुनीच. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी मूळचे याच महालातल्या केरीचे. पुढच्या काळातल्या साध्या पेडणेकराने उज्जैनच्या ऐवजी वेंगुर्ल्याच्या बंदरावरून मुंबईची बोट धरली, एवढाच फरक.

या सोयरिकीवर घाला पडला तो १९५४ पासून. गोवा मुक्तीचं आंदोलन तापलं, सीमेवर परवाने आले, आणि १९५५ च्या ऑगस्टनंतर ये-जा जवळपास बंद झाली. दिल्लीच्या दृष्टीने ती आर्थिक नाकेबंदी होती. सातार्ड्याहून किंवा आरोंद्याहून पेडण्यात दिलेल्या मुलीच्या दृष्टीने तिचं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडे डोळ्यांना दिसत होतं आणि तिथे जाता येत नव्हतं. सण गेले, बारसं गेलं, बापाचं शेवटचं आजारपण गेलं. मुक्तिलढ्याच्या इतिहासात तारखा येतात, ठराव येतात, तुरुंगवासाच्या शिक्षा येतात. अडकून पडलेल्या या सासुरवाशिणींची नोंद कुठे सापडत नाही, आणि ते सांगणारी पिढी आता जवळपास संपली आहे. एखाद्या पेडणेकर विद्यार्थ्याने उरलेल्या चार आज्यांपाशी बसून हे लिहून काढलं तर ते फार मोलाचं काम होईल.

तारखांतली सर्वांत मोठी तारीख याच तालुक्यात घडली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोल किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. त्यानंतरच्या वर्षी त्याच दिवशी बांद्याच्या बाजूने पत्रादेवीला सत्याग्रहींच्या रांगा आत आल्या. देशाच्या सगळ्या भागांतून आलेली, हातात झेंड्याशिवाय काही नसलेली माणसं. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातल्या ईसडू गावचे तरुण शिक्षक कर्नैलसिंग पुढे सरसावले आणि जागीच कोसळले. सहोद्राबाई वाचल्या, पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे. गोव्याचं नावही ज्यांच्या गावात फारसं कुणी घेत नसेल, अशी माणसं पेडण्याच्या मातीत मरण पत्करून गेली, याचं ऋण या तालुक्याने मनापासून मानलेलं आहे.

सहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य आत आलं, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी शापोरा नदीवरचा आणि अस्नोड्याचा पूल उडवून दिला. दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला. नदी मात्र ओलांडायची राहिलीच.

मुक्तीच्या वेळी गोव्यात लिहिता-वाचता येणारे लोक साधारण ३१ टक्के होते. पोर्तुगीज शाळा शहरांत, आणि सरकारी नोकरीला पोर्तुगीज यावी लागे. पेडण्यातल्या मुलाला अक्षरओळख व्हायची ती कुणा गुरुजींच्या मराठी शाळेत, तीही देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या सोप्यावर भरणारी. त्याच पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी जन्मलेले दयानंद बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते, पण शाळेवाचून काय अडतं हे त्यांना कळत होतं. त्यांच्या दहा वर्षांत गावोगाव, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. शिक्षक पुरेनात, तेव्हा महाराष्ट्रातून आणले. सावंतवाडी-मालवणकडचा एखादा तरुण मास्तर पत्र्याची पेटी घेऊन यायचा, गावातल्याच घरात राहायचा आणि त्या वाडीच्या पहिल्या शिकलेल्या पिढीला बाराखडी द्यायचा. बांदोडकरांच्या राजकारणावर, महाराष्ट्रात विलीन होण्याच्या त्यांच्या आग्रहावर वाद घालता येतील. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने तो आग्रह नाकारलाही. शाळांबद्दल वाद घालता येत नाही. ज्यांच्या घरात त्याआधी कुणाचीही सही नव्हती, त्या घरांतून पुढे तलाठी, नर्स, शिक्षक, वकील निघाले आणि त्यांनीच रोज चोपड्याचा धक्का गाठला.

जमिनीचं दुखणं जास्त खोल होतं. पेडण्यात शेत, भाट, डोंगर बहुतेक मोजक्या भाटकार, म्हणजे जमीनदार, घराण्यांचं. कसणारा तो कूळ. भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा मुंडकार, म्हणजे स्वतःच्या चुलीखालची जमीनही दुसऱ्याची. माड लावायचा तरी विचारून. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ मध्ये आला, मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून वाचवणारा १९७५ मध्ये. कसेल त्याला जमीन देणारी दुरुस्ती १९७६ मध्ये, बांदोडकरांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. कायदे चांगले होते. पण कायदा झाला म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी मामलेदाराच्या कचेरीत दावा, पुरावे, साक्षी, तारखा. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो आहे, हे या भागात कुणाला नवलाचं वाटत नाही.

शेजारच्या डिचोली तालुक्यातल्या मये गावाने हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने भोगली. तिथल्या जमिनीचा धनी पोर्तुगीज राजवटीबरोबर निघून गेला, आणि १९६४ च्या कायद्याने ती सगळी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताबेदाराच्या हाती गेली. देश स्वतंत्र, गाव स्वतंत्र, आणि गावकरी आपल्याच घरात परवानगीने राहणारे. घराची डागडुजी, वीज, कर्ज, प्रत्येक गोष्ट त्या एका कागदाशी येऊन अडायची. अर्धं शतक मयेकर सभा घेत, मोर्चे काढत राहिले. मालकी देण्याची वाट मोकळी करणारा कायदा विधानसभेत झाला तो २०१४ मध्ये.

तेरेखोलचं गाऱ्हाणं आणखी निराळं. हे गाव पेडणे तालुक्यातलंच, पण तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर. केरीहून फेरीने जायचं, नाहीतर महाराष्ट्रात शिरून मोठा वळसा घालून पोचायचं. चोपड्याने पूल होताच मागे टाकलेलं जगणं तिथे आजही चालू आहे. गावातली जमीन गोल्फ मैदानाच्या आणि हॉटेलच्या प्रकल्पासाठी विकली गेली, तेव्हा पिढ्यान् पिढ्या काजू आणि शेत कसणाऱ्या कुळांनी कोर्ट गाठलं. केरीहून तिथवर पूल बांधायचं कामही वादात सापडून अडलं. पूल हवा की नको यावर बाहेरच्या माणसाने मत देणं सोपं. रात्री आजारी पडणाऱ्याला पूल हवाच असतो, आणि त्याच पुलावरून जमीन घ्यायला येणारा माणूसही त्यालाच दिसत असतो. गावकऱ्यांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक आहेत, हे त्यांचं खरं संकट.

चोपड्याच्या आणि आगरवाड्याच्या काठाने ओहोटीच्या वेळी चालत गेलं तर नदीने काय दिलं तेही दिसतं. पाणी उतरलं की बाया गाळात उतरतात. साडीचा काष्टा वर खोचलेला, डोक्याला टॉवेल, कमरेला टोपली बांधलेली किंवा शेजारी तरंगत ठेवलेली. गाळातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, डोळ्यांनी दिसत नाहीत, त्या पायाला कळतात. पाण्याखालचा गाळ बोटांनी चाचपत एकेक पाऊल टाकायचं, कडक काही लागलं की वाकून काढायचं, गाळ झटकून टोपलीत टाकायचं. खडकाला चिकटलेली कालवं लहान कोयत्याने सोडवावी लागतात, हात कापतातच. भरती चढायला लागली की काम संपलं, कारण नदी कुणाच्या गरजेसाठी थांबत नाही. मग रस्त्याच्या कडेला किंवा बाजारात त्या वाट्याने विकायच्या. तास दोन तास वाकून मिळवलेले पैसे त्याच दिवशीच्या चुलीत जातात. मोरजीच्या शॅकमधल्या ताटात तिसऱ्या ज्या भावाने येतात आणि गाळातल्या बाईला ज्या भावाने जातात, त्यातलं अंतर कुणी तरी मोजायला हवं.

आगरवाड्याची मिठागरंही अशीच. पावसाळा सरला की मोडलेले बांध गाळ थापून उभे करायचे, भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात सोडत ते दाट होऊ द्यायचं, आणि जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत भर उन्हात लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून काठावर ढीग लावायचे. मे महिन्यात एखादा अवकाळी पाऊस आला की ढिगाचं पाणी होतं. एके काळी गोव्याचं मीठ जहाजांनी दूरदूर जायचं. पुढे गुजरातचं स्वस्त मीठ आलं. २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर मनाई झाली, आणि मिठागरातलं मीठ माडाच्या मुळाशी आणि सुक्या मासळीत जाऊन पडलं. मिठागर बंद पडलं की बांध राखणारं कुणी राहत नाही. बांध फुटला की खारं पाणी शेजारच्या खाजन शेतात शिरतं आणि भाताचं शेतही जातं. मानशीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वेळेवर उघडणारा आणि वेळेवर लावणारा माणूस गेला तर किती घरांचं पोट हलतं, ते तेव्हा कळतं.

नदीचं पाणी वरून येतं तेही नेहमी मायेने येत नाही. शापोरा वरच्या अंगाला तिळारी म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून दोडामार्ग तालुक्यात बांधलेल्या तिळारी धरणाचं पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली, बार्देशात येतं आणि उन्हाळ्यात ते मोठं वरदान आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि धरणातून सुटलेलं पाणी एकत्र आलं. डिचोलीतलं साळ, पेडण्यातलं इब्रामपूर, हसापूर, चांदेल ही गावं पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शिमग्यातल्या गड्यांच्या जत्रेसाठी ओळखलं जाणारं साळ त्या दिवसांत घराच्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेघांनी ओळखलं गेलं. केळी, सुपारी, भाजीचे मळे गेले, गोठ्यातली जनावरं गेली. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना वेळेत कळवायचं आणि ते काठावरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवायचं, एवढ्या साध्या कामावर माणसांचं वर्षभराचं अन्न अवलंबून आहे.

डिचोलीवर त्याआधी दुसरा घाव बसला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून पुन्हा थांबल्या. खाणींनी शिरगावसारख्या गावाच्या विहिरी आटवल्या, शेतात मातीचा गाळ आणला. न्यायालयाचं म्हणणं चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. पण शेत आधीच गेलेलं, आणि त्या जागी कर्ज काढून घेतलेला ट्रक दारात उभा. अशा घराने दोन्ही बाजूंनी किंमत मोजली.

पेडण्यात मोठी कामं येतात ती जमिनीच्या पोटातून वाट काढत. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग तयार होत आला, तरी पेडण्याचा बोगदा होईना. दीड किलोमीटरहून लांब, पण डोंगर दगडाचा नव्हता, ओल्या मातीचा होता. खोदावं आणि ढासळावं, असं वर्षानुवर्षं चाललं. मजुरांनी जीव गमावले. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला झाला, तेव्हा शेवटचा अडसर म्हणून पेडण्याचं नाव सगळीकडे पोचलं होतं. त्या डोंगराने अजून हार मानलेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल शिरून गाड्या थांबल्या. मुंबईहून मडगावला जाणारा प्रवासी त्या अंधारातून दोन-तीन मिनिटांत पार होतो. तो बोगदा खोदताना गाडल्या गेलेल्या माणसांची नावं प्रवाशांना दिसतील अशी पेडणे स्टेशनवर लावायला हरकत नसावी.

आणि मग मोप. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००० मध्ये, पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये. पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये मोकळी केली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. मनोहर पर्रीकरांचं नाव विमानतळाला दिलं गेलं. ज्या सड्यावर धावपट्टी झाली, तो बाहेरच्याला ओसाड वाटायचा. तिथे धनगरांची गुरं चरत होती आणि काजूच्या बागा होत्या. काजूचं झाड म्हणजे पेडण्यातल्या घराचं मार्च ते मे या तीन महिन्यांचं उत्पन्न. बी वेगळी करून वाळवायची, बोंडू तुडवायचे, निरो म्हणजे रस काढायचा, भाटी लावून आधी हुर्राक आणि मग फेणी. मुलांची नव्या वर्षाची पुस्तकं, छपराची दुरुस्ती, बहिणीचं लग्न, सगळं त्या तीन महिन्यांवर. भरपाई झाडाची मिळते, दर वर्षी येणाऱ्या मोसमाची मिळत नाही. त्या बदल्यात नोकऱ्या येतील असं सांगितलं गेलं. नोकऱ्या आल्या, काहींना लागल्या. विमानतळावर आपल्या टॅक्सीला जागा मिळावी म्हणून इथल्याच टॅक्सीवाल्यांना आंदोलनं करावी लागली. दोन हजार एकरांहून अधिक जमिनीवरचा विमानतळ उभा राहून चालू झाला, आणि तुयेच्या हॉस्पिटलची बांधलेली इमारत पूर्णपणे सुरू व्हावी यासाठी पेडणेकरांना रस्त्यावर यावं लागलं. प्राधान्य कशाला होतं हे यातून उघड दिसतं, आणि ते चुकीचं होतं.

पूल, रेल्वे, विमानतळ आले आणि संकटाची दिशाच उलटली. आधी इथून बाहेर पडणं अवघड होतं. आता इथे टिकून राहणं अवघड झालं आहे. मोरजी-मांद्रे-हरमलच्या जमिनीचे भाव गावातल्या कुणाच्याही पगारात बसत नाहीत. भावंडांत वाटणी करायची वेळ आली की विकून टाकणं सोपं वाटतं. समुद्रकाठी टेंबावर सागरी कासवांची अंडी राखायला नव्वदच्या दशकापासून मोरजीकर वनखात्याबरोबर रात्री जागवत आले. त्याच किनाऱ्यावर आता दिव्यांचा झगमगाट आणि संगीताचा गोंगाट आवरायला त्यांना पुन्हा अर्जविनंत्या कराव्या लागतात.

तरीही २०२३ मध्ये जे घडलं ते नोंदवायला हवं. नगरनियोजन खात्याने पेडणे तालुक्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यात शेतं, बागायती, डोंगरउतार यांतलं फार मोठं क्षेत्र बांधकामासाठी खुलं होणार होतं. नकाशे लोकांच्या हाती पडले आणि गावोगाव माणसं जमली. आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात आहे ते शोधायला म्हातारे नातवंडांना घेऊन बसले. ग्रामसभांत ठराव झाले. सत्ताधारी आणि विरोधी असा भेद न ठेवता तालुका एका बाजूला उभा राहिला, आणि सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. मराठी शाळेत पहिल्यांदा सही शिकलेल्यांची मुलं आता नकाशावरचे रंग वाचून हरकती लिहीत होती, मुदतीच्या आत पोच घेत होती. त्यानंतर जमिनीच्या रूपांतराच्या नव्या वाटा कायद्यात निघाल्या, काही उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पेडण्यातल्या ग्रामसभांत रविवारी अजूनही तोच विषय निघतो: कुठला सर्व्हे नंबर, कुणाच्या नावावर, आणि त्याला पाणी कुठून देणार.